पिढीजात नाही

माझी बहीण एकता माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या हिंदीभाषी शहरातल्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ती कंत्राटावर लागली, तेव्हा फुटलेल्या काचनळ्या ज्योतीवर वितळवून जोडणारे अनुपम सर तिथे होते. एकता रोज त्यांच्या दाराशी उभी राहायची.

"बेटा, ये लड़कियों का काम नहीं. बाल जल जाएँगे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती कानापर्यंत केस कापून गेली. आईने दोन दिवस अबोला धरला. सरांनी मात्र आपला कामाचा चष्मा तिच्या हातात ठेवला आणि शिकवायला सुरुवात केली.

पुढे सर रिटायर झाले, तिचंही कंत्राट संपलं. कांचघर भागातल्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे तिने गॅसचा बर्नर मांडला. बांगडीवाल्यांकडून फुटक्या बांगड्या आणायची, वितळवायची आणि मातीचा लेप दिलेल्या सळईवर ती काच गुंडाळायची. मणी देखणा व्हायचा आणि थंड होताना तडकायचा. वर्षभर तेच. एका रंगाच्या बांगडीची काच दुसरीशी जुळेलच असं नाही, हे तिला दोन-तीनशे मणी फुटल्यावर कळलं. गरम राखेत पुरून सावकाश निववायचे, हेही तसंच. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचे डाग आहेत. राखाडी रंगात पांढरी रेघ असलेला मणी मनासारखा जमेपर्यंत नऊ वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात विजय नगरमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. ते भरवणाऱ्या मेघनाजींचं नेपियर टाउनमध्ये दागिन्यांचं दुकान. त्यांनी एकताला स्टॉल दिला. सकाळी आम्ही मण्यांचे हार मांडले, तर टेबलावर पुठ्ठ्याची छापील पाटी आधीच उभी होती. 'पीढ़ियों से चली आ रही जनजातीय कला.'

"ये किसने लिखा?" एकताने विचारलं.

"कहानी के बिना माल नहीं उठता, एकता," मेघनाजी हसून म्हणाल्या. "वैसे आप लोग किस समाज से हैं?"

"बौद्ध."

"अच्छा. तो घर में कुछ पुश्तैनी काम तो होता ही होगा. वही लिख देते हैं."

मी एकताकडे पाहिलं. तिने पाटीचे चार तुकडे केले. हाराच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर पेनाने लिहिलं, 'एकता मोतीराम रामटेके. नौ साल में सीखा. अनुपम सर ने सिखाया.' आणि ते उभं केलं.

"ये नहीं चलेगा," मेघनाजी म्हणाल्या. "या तो मेरी तख़्ती, या स्टॉल ख़ाली."

एकताने स्टॉल रिकामा केला. एकेक हार तिने मान खाली घालून कागदात गुंडाळला. मला वाटलं रडते आहे. रडत नव्हती.

घरी आई संतापली. "काहून फाडलं? दोन दिवस राहू देलं असतं तर काय बिघडलं असतं? रागावर घर चालते का?"

"आई, आबाजी भंडाऱ्याकडचं गाव सोडून इथं काहून आले होते?"

आबाजी म्हणजे आमचे आजोबा. आईने मान फिरवली.

"सांग ना."

"मेलेली ढोरं ओढाची नव्हती म्हणून."

"ते होतं आपलं पुश्तैनी, पिढीजात काम. त्यायनं ते टाकलं, आन् मी आता खोटं दुसरं लावून घेऊ?"

आई उठून आत गेली. त्या दिवसानंतर पाटीचा विषय तिने काढला नाही.

महिनाभराने मेघनाजींचा फोन आला. एक गिऱ्हाईक राखाडी मण्यांसाठी सारखं विचारत होतं. पाटी लावणार नाही, माल पाठवा, म्हणाल्या.

"पहले माफ़ी माँगिए," एकता म्हणाली.

पलीकडून फोन कट झाला. अजून माफी आलेली नाही. मालही गेलेला नाही.

मार्चमध्ये तिने आमच्याच वस्तीच्या समाजभवनात स्वतःचं प्रदर्शन भरवलं. पहिल्या दिवशी अकरा माणसं आली, दुसऱ्या दिवशी चाळीसेक. निम्मे हार गेले. उरलेले भरताना मी विचारलं, "राग गेला का?"

"नाही," ती म्हणाली. "अन् तू पण समजावत बसू नको."

मी खोकी उचलली आणि रिक्षा बोलवायला गेले.