पोटाची पेटी

पहाटे चारला मावशींचा दिवस सुरू व्हायचा. नवऱ्यासाठी दुधात पाव कुस्करून ठेवायचा आणि इस्पितळ गाठायचं. ऑपरेशनची अवजारं घासायची, वाफेच्या यंत्रात लावायची. चिमट्याच्या खाचेत रक्ताचा ठिपका दिसला की पुन्हा पहिल्यापासून. बोटं सोलवटली तरी चालढकल नाही.

सगळ्यांत जड पेटी पोटाच्या ऑपरेशनच्या अवजारांची. पूर्वी अल्सर म्हटलं की पोट उघडायचे, जठराचा तुकडा काढायचे. पेटीला उसंत नसे. आता ती वरच्या फळीवर धूळ खात होती, आणि नेमका आताच नवऱ्याचा जुना अल्सर उफाळला. मावशींनी पगारातून ऑपरेशनची तजवीज केली होती. त्यांनी पेटी उतरवून घासून ठेवली.

सर्जननी दुर्बीण घालून पाहिलं आणि गोळ्या लिहिल्या. "जंतू आहे, मावशी. दोन आठवडे गोळ्या द्या."

"उघडायचं नाही?"

"आता कोण उघडतंय? पोटात फुटला तरच."

फुटला तर? मावशींचा जीव थाऱ्यावर राहीना. जन्मभर त्यांनी जंतू मारला तो वाफेनं. एवढीशी गोळी काय करणार? त्या नवऱ्याला कढत पाणी पाजू लागल्या.

"अगं, मी माणूस आहे की तुझी कात्री?"

"गुमान प्या. उकळल्याशिवाय तो मरत नाही."

तिसऱ्या दिवशी नवरा पोट धरून वाकडा झाला. मावशींनी त्याला रिक्षात घातलं. "साहेब, फुटलं. पेटी काढते."

सर्जननी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं, म्हणजे फुटलं नव्हतं. "खाताय काय तुम्ही?"

"खातोय कुठला? हिनं मलाच शिजायला ठेवलंय."

"मावशी, अवजारांचा जंतू तुमचा, ह्यांचा माझा. पाणी गार द्या."

पाणी गार झालं, जीव नाही. काम करतानाही नजर फळीकडे जायची. गोळ्या संपल्या, दुखणं गेलं, पुढच्या तपासणीत जंतूही नव्हता. तरी मावशी पेटी पुसतच राहिल्या.

मग एकदा नवऱ्यानं भाजलेले शेंगदाणे मागितले.

"चावणार कशानं? हिरड्यांनी?"

इतकी वर्षं सगळं कुस्करूनच खाल्लेलं. दात कधी गेले याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

ऑपरेशनसाठी साठवलेल्या पैशांतून कवळी आली. घरी आणल्या आणल्या मावशींनी पातेल्यात पाणी ठेवलं. नवऱ्यानं आधी गॅस बंद केला.