उपाशी भुंगे

संशोधन केंद्रात तिला सगळे भुंगेमावशी म्हणत. परदेशातून आणलेले मुगाएवढे लाल भुंगे ती काचेच्या बरण्यांत वाढवायची. माळावर माजलेलं काटेरी तण त्यांनी खायचं होतं. तण वांग्याच्या कुळातलं. म्हणून सोडण्याआधी एकच गोष्ट तपासायची होती.

साहेबांनी बजावलं, "मावशी, तीन दिवस कडक उपास. मग वांग्याचं पान द्यायचं. भुकेल्या पोटीही तोंड लावलं नाही, तर पास."

दुसऱ्याच दिवशी भुंगे काचेवरून घसरून पडू लागले. मावशीला बघवेना. तिच्या घरातून कुणी उपाशीपोटी गेलेलं तिला कधी खपलं नव्हतं. साहेब जेवायला गेले की ती तणाची दोन कोवळी पानं बरणीत टाकायची. उरलेले देठ खिशात घालून न्यायची.

चौथ्या दिवशी वांग्याचं पान जसंच्या तसं. साहेब हरखले. "गुणी आहेत हो लेकरं तुमची!"

"संस्कार, साहेब," मावशी म्हणाली.

भुंगे सोडले. दोन वर्षांत माळ मोकळा झाला. केंद्राच्या दर्शनी भिंतीवर साहेबांशेजारी मावशीचाही फोटो लागला.

तण संपलं. भुंगे उरले, उपाशी.

एका दुपारी धाकटा भाऊ आला. कारखान्यातली नोकरी सोडून त्याने माळालगत वांग्याचा मळा केला होता. तिने ताट वाढलं. त्याने शेजारी पिशवी रिकामी केली. पानं कसली, नुसत्या शिरा. त्यांवर लाल भुंगे.

"ताई, ही तुझीच पोरं ना?"

तिने पानाची एक शीर उचलून उजेडात धरली.

"सगळा मळा उपटला आज. एक रोप ठेवलं नाही. तुझा साहेब म्हणतो, चाचणी चोख झाली होती. त्याची बदली झाली तरी तेच तुणतुणं. खोटारडा कुठला!" त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू तर बरणीपाशीच असायचीस. खरं सांग, उपाशी ठेवले होते?"

एक भुंगा ताटाच्या कडेवर चढला. तिने तो बोटाने अलगद उचलला. सवयीने.

"नव्हते," ती म्हणाली. "मीच खाऊ घालत होते."

 भाऊ ताट तसंच ठेवून उठला. चपला घातल्या.

'दोन घास खाऊन जा' हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने म्हटलं नाही.