सुजाताने "ऊत" म्हटलं नाही तो दिवस

सुजाता काल गेली. तिच्या घरी जमलेल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं, की तिने आयुष्यात सगळ्यात अवघड काम कोणतं केलं.

"मॅडम कॉम्प्युटरमध्ये होत्या ना?" एकाने मला विचारलं.

होती. पण ते नंतर.

त्याआधी, नव्वदीच्या सुरुवातीला, हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी मोठ्या चुंबकांसाठी सुपरकंडक्टिंग केबल बनवायचो. मी पुण्याची, ती नांदेडची. त्या इमारतीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

केबलबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर सुजाता कळणार नाही.

ही तार द्रवरूप हीलियमच्या भयंकर थंडीत ठेवली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते. पण कुठे जराशी ऊब लागली, तर तेवढा तुकडा साध्या तारेसारखा तापतो. तो शेजारच्याला तापवतो. बघता बघता सगळी केबल हातची जाते.

म्हणून तारेभोवती तांबं घालतात. अशा वेळी वीज तांब्यातून जाते, तोवर हीलियम उष्णता ओढून घेतं आणि तार पुन्हा सावरते.

तांबं पुरेसं असेल तर.

सुजाता म्हणायची, "थोरल्या जावेला चक्कर आली की धाकटी पदर खोचती ना, तसं."

केबल हातची जाण्याला इंग्रजीत 'क्वेंच' म्हणतात. सुजाता 'ऊत' म्हणायची. दुधाला येतो तो.

पहिल्याच चाचणीत ती ओरडली, "ऊत! ऊत!"

वीज तोडायच्या स्विचपाशी आमचे टेक्निशियन खाजाभाई बसले होते. ते ताडकन उभे राहिले.

नुसतेच उभे राहिले.

केबल जळली.

"आपा, आपइच तो बोले उठ!"

पुढे प्रत्येक चाचणीआधी ते स्वतःलाच बजावायचे, "उठ बोले तो उठना नक्को, बंद करना."

मग आयात खुली झाली. बाहेरची केबल मागवणं सोपं झालं. साहेब म्हणाले, एक शेवटची चाचणी करा. केबल टिकली तर विभाग राहील, नाहीतर बंद.

हीलियम एका चाचणीपुरतंच उरलं होतं.

त्या दिवशी केबल पूर्ण विजेवर चालवली आणि मुद्दाम एका जागी चटका दिला. केबलमधला अडथळा टिपणारं आलेखाचं पेन वर चढायला लागलं. सुजाताने शब्द उच्चारला की खाजाभाई वीज तोडणार, असं ठरलेलं. तोडली तर केबल वाचली असती, पण चाचणी नापास.

पेन चढत होतं. सुजाता गप्प.

"सुजाता, बोल!"

"थांब."

"अगं, जळेल!"

"घाबरायलीस कशाला? तांबं हाय की."

पेन आणखी चढलं. थबकलं.

आणि हळूहळू खाली येऊन शून्यावर टेकलं.

"क्या हुआ आपा?" खाजाभाईंचा हात अजून स्विचवरच. "बैठूं के उठूं?"

आम्ही तिघंही इतके हसलो, की शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले.

साहेब आलेख बघून "व्हेरी गुड" म्हणाले. पुढे कळलं, बाहेरच्या केबलची ऑर्डर चाचणीच्या आधीच गेली होती.

विभाग बंद झाला.

सुजाता रडली नाही. तिने नारायणगुड्याला कॉम्प्युटरचा क्लास लावला.

"तू पण चल," ती म्हणाली.

"मला नाही जमायचं."

"जमतं गं. नाहीतर इथं एकटीच बसशील."

मी राहिले. खरेदी विभागात बाहेरच्या केबलच्या कागदांवर सह्या करत बसले. जेवणाच्या सुट्टीत मराठी बंद झालं. घरी जाताना कोठी भागापर्यंतच्या बसमध्ये शेजारी, सुजाताच्या जागी, कोणीही बसायचं.

फोन आधी दर आठवड्याला व्हायचे. मग वाढदिवसाला. केबलबद्दल ती चुकूनही बोलायची नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाली, "सोड ना. कुणाला सांगायचं आता?"

खाजाभाई मागेच गेले. ते पेन खाली येताना पाहणारी माणसं तीन होती. आता मी.

काल हे सगळं तिच्या लेकीला सांगायला लागले, पण घरात गर्दी होती. म्हटलं, लिहून ठेवते.

"मावशी, इंग्लिशमध्ये लिहा ना. मराठी वाचता येत नाही मला नीट."

"तर मग रविवारी घरी ये. मी वाचून दाखवते."

"बघते मावशी."

हे "बघते" मला चांगलं ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहिलं. सुजाताबद्दल दुसऱ्या भाषेत मला बोलता येत नाही.

या शहरात मला "अगं" म्हणणारं आता कुणी नाही.

सुजाता, मनापासून निरोप.