पत्र्यावर अडकलेला फिर्यादी

नोकरीत मी माणसं खोलीत कोंडलेली पाहिली, गोठ्यात कोंडलेली पाहिली. छपरावर कोंडलेला माणूस एकच पाहिला, म्हणून ते प्रकरण विसरले नाही.

पाटण भागातल्या एका ठाण्याची मी प्रभारी होते. मे महिन्यातली दुपार. बंदोबस्ताची कागदपत्रं उरकत असताना फोन आला. गावोगाव दूध गोळा करणारा माणूस बोलत होता.

"म्याडम, एका घरावर माणूस बसलाय. उतरत न्हाई."

"का?"

"शिडीच न्हाई. बाई दारात तांदूळ निवडत बसल्यात."

हवालदारांना घेऊन निघाले. माडीचं घर, वर निळे पत्रे. डोक्याला टॉवेल गुंडाळून एक माणूस पत्र्यावर बसला होता. आदल्या वर्षी ते छप्पर करून देणारा ठेकेदार तोच. आता पाण्याच्या टाकीचा स्टँड बसवायला आला होता. मोबाइल खाली मोटारसायकलच्या डिकीत राहिलेला. शिडी गोठ्यात, गोठ्याला कुलूप, किल्ली घरधनिणीच्या कमरेला. बाई अंगणवाडी सेविका, नवरा सैन्यात. किल्ली मागितली, ती तिनं लगेच दिली.

"पळून जात न्हाई मी. यायचं का तुमच्या गाडीत?" ती म्हणाली.

ठाण्यात दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. ठेकेदार तापलेला होता.

"गुन्हाच दाखल करा म्याडम. पत्रा तव्यावानी झाला व्हता."

"पाणी मिळालं?"

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "मिळालं. चा बी दिला. आंबं काढायच्या आकडीला किटली लावून."

हवालदार मान खाली घालून लिहीत राहिले.

कुणाला असं अडवून ठेवणं दखलपात्र गुन्हा आहे. त्यानं फिर्याद दिली असती तर मला नोंदवावीच लागली असती. बाईला मी ते स्पष्ट सांगितलं. "अंगणवाडीची नोकरी जाऊ शकते, कल्पना आहे?"

"हाय की. पाऊस तोंडावर आलाय, ह्याची बी हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. छप्पर होत असतानाच ती म्हणाली होती, पश्चिमेकडून झड येते, त्या बाजूला पत्रा भिंतीच्या पुढं काढा. ठेकेदार म्हणाला, मालकांशी बोलतो. पत्रा भिंतीबरोबर कापला गेला. पावसाळ्यात भिंत भिजली, पाणी लाइटच्या बोर्डात उतरलं आणि सासूला शॉक बसला. म्हातारी वाचली. पुढं पाऊस लागला की मेन स्विच बंद करून घर अंधारात बसायचं. तिनं ठेकेदाराला फोन केले, त्यानं उचलले नाहीत. नवरा म्हणाला, पुढच्या सुट्टीत बघू. टाकीसाठी नवऱ्यानं बोलावलं, म्हणून वर्षानं ठेकेदार पहिल्यांदा तिच्या हाती लागला होता.

ठेकेदाराला पुन्हा बोलावलं. पत्रा पुढं का काढला नाही?

"मालक नको म्हणाले. समोरनं घर उठून दिसलं पायजे म्हणाले. बंगल्याचा फोटो पाठवला व्हता."

"तुम्ही कुठले?"

"आष्ट्याकडचा. आमच्याकडं पाऊस सरळ पडतो, म्याडम."

नवऱ्याचा फोन लागेपर्यंत संध्याकाळ झाली. दोघांना समोर बसवून स्पीकर सुरू केला.

"मॅडम, ती जरा तापट आहे. मी समजावतो तिला."

"ते नंतर. छपराचं कुणी ठरवलं?"

"मीच. फोनवरून."

"घरी शेवटचा पावसाळा कधी काढलात?"

तो म्हणाला, "सुट्टी यात्रेला घेतो, मॅडम. उन्हाळ्यात."

"मी पावसाळ्याचं विचारलं."

"भरती झाल्यापासून नाही."

ठेकेदार ऐकत होता. तो प्रथमच बाईकडं वळला. "म्हातारीला शॉक बसला व्हता?"

"तेच सांगायला फोन केलं व्हतं. मग शिडी काढल्यावर तरी ऐकशीला म्हटलं."

"बाईमाणसाचा फोन. म्हटलं, मालकांशीच बोलू."

"मी कोण मग, भाडेकरू?"

ठेकेदारानं शेवटी फिर्याद दिली नाही. तसा जबाब घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली. बाईला कडक समज दिली, कारण तिनं केलं ते चूकच होतं. पत्र्यावर त्याला उन्हानं चक्कर आली असती तर मी वेगळा पंचनामा केला असता आणि ती आत असती.

मी शिकले ते एवढंच. त्या दिवसापर्यंत घराच्या भांडणात मीही आधी विचारायचे, मालक कोण. नंतर विचारू लागले, इथं बारा महिने राहतं कोण. उत्तर बहुतेक वेळा मागं उभ्या असलेल्या माणसाकडून यायचं.

आठवड्याभरात त्या बाजूला गस्तीवर गेले, तेव्हा पश्चिमेचा पत्रा पुढं काढायचं काम चालू होतं. बाई अंगणात उभी राहून हातानं दाखवत होती, अजून वीतभर. ठेकेदार वरून "व्हय, व्हय" म्हणत होता. शिडीपाशी त्यानं सख्खा भाऊ उभा केला होता. शिडी भिंतीला दोरीनं घट्ट बांधलेली होती, धरायची गरज नव्हती. भाऊ राखणीला होता.