जिन्याखालचं खोकं

आमच्या बाबांना गोदामात सगळे 'नकाशा' म्हणायचे, आणि बाबांना ते मनापासून आवडायचं. यंत्रांच्या सुट्या भागांचं गोदाम होतं ते. बेअरिंग, पट्टे, झडपा, वॉशर, अशा हजारो वस्तू. वहीत जागा एक लिहिलेली असे आणि माल असे भलतीकडेच, कारण बाबा तो सतत हलवत. जास्त उठाव असलेला माल दाराजवळ, जड माल खाली, आणि रबराचं काहीही पत्र्याजवळच्या वरच्या रॅकवर ठेवायचं नाही, कारण ते उष्णतेने कडक होतं. हलवण्यामागचा विचार बिनतोड असायचा. फक्त तो लिहून ठेवायचा असतो, हे त्यांना मान्य नव्हतं. कुणी विचारलं की ते डोळे मिटायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, "सातवी रांग, तिसरा कप्पा, निळ्या डब्यामागे." माल तिथेच सापडायचा. डोळे मिटायची काही एक गरज नव्हती, हे मी त्यांना तोंडावर सांगत असे.

त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं एक बाई होत्या. आलेला माल मोजून घेणं, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, गाडी भरून देणं, सगळं त्या करायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. मावशी बाबांच्या मागे लागायच्या, दादा, मालाच्या जागा सांगा, मी उतरवून घेते. बाबा हसून टाळायचे. एकदा त्या घरून कोरी वही घेऊन आल्या, तर बाबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. हा किस्सा बाबा आम्हाला रंगवून सांगत, आणि आम्ही जेवता जेवता हसायचो. आज मला त्या हसण्याची लाज वाटते.

मग बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. बाबांच्या हाताला सलाईन होतं, म्हणून फोन मी त्यांच्या कानाशी धरला. मावशींचा आवाज मलाही ऐकू येत होता. बिस्किटांच्या कारखान्याचा पंप बंद पडला होता आणि त्यांना रबरी सील ताबडतोब हवे होते. वहीत नववा रॅक लिहिला होता आणि नवव्या रॅकवर काहीच नव्हतं. सकाळपासून शिडीवर चढून उतरून मावशींचे पाय भरून आले होते.

बाबा खिडकीकडे बघत राहिले. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आठवत नाही हो बाई. औषधांनी डोकं जड झालंय. सोमवारी येतो आणि मीच काढून देतो."

फोन ठेवल्यावर आवाज एकदम खणखणीत झाला. "जिन्याखाली आहे ते खोकं. उन्हाळ्यात मीच हलवलं. शोधू दे जरा. माझ्याशिवाय पान हलत नाही, हे मालकांनाही कळू दे."

मी हसले. मला वाटलं, आजारी माणूस आहे, तेवढाच विरंगुळा. मावशींना उलटा फोन करायला मला एक मिनिट लागलं असतं. मी तो केला नाही.

सोमवारी जाणं झालंच नाही. टाक्यांत पू झाला, ताप चढला, आणि पुढचे आठ दिवस बाबांना खरोखरच कशाची शुद्ध नव्हती. तेवढ्यात कारखान्याने दुसरा पुरवठादार गाठला. मालकांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, आणि त्यांनी मावशींना घरी बसवलं. चौदा वर्षं इथे काढून बाईला एक खोकं सापडत नाही, म्हणाले. बाबा कामावर गेले त्याच दिवशी त्यांनी ते खोकं मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, जागा मी बदलली होती, बाईंची चूक नाही. फोनचं मात्र सांगितलं नाही. मालक म्हणाले, झालं ते झालं, तिच्या जागी आता दुसरा माणूस घेतलाय.

त्यानंतर बाबांनी वर्षभर खपून गोदामातल्या एकूण एक कप्प्याची नोंद केली. मावशींना एका लॉन्ड्रीत काम मिळालं, दिवसभर उभं राहून चादरींना इस्त्री करायचं. पण त्यांनी आमच्याकडे येणं सोडलं नाही, आणि नेमकं तेच बाबांना सोसवेना. आई गेली तेव्हाही त्या आल्या. भेटायला आलेल्या कुणीतरी त्यांच्या जुन्या नोकरीचा विषय काढला, तर म्हणाल्या, दादा शुद्धीवर असते तर माझ्यावर ही वेळ आलीच नसती, बिचाऱ्यांना धड बोलवतही नव्हतं. बाबांनी मान खाली घातली. कधीही विषय निघाला की मावशी हेच सांगायच्या, आणि अगदी मायेने सांगायच्या.

निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी, एका रविवारी सकाळी बाबा मला म्हणाले, चल, बाईंना सांगून टाकू. मी म्हटलं, आता कशाला उकरून काढता? म्हणाले, मला आता हे ओझं उचलवत नाही. ओझं उतरवायला बरं मावशींचंच घर सापडलं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तरी मी गेले, कारण फोन मी धरला होता.

मावशी एका खोलीत राहत होत्या. आम्हाला बघून त्यांना कोण आनंद झाला. त्यांनी चहा केला, बाबांना खुर्ची दिली आणि स्वतः सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसल्या. बाबांनी चहाला हात लावला नाही. एका दमात सगळं सांगितलं, फोन ठेवल्यावर आपण काय बोललो तेसुद्धा. मी म्हटलं, मीही तिथे होते, मीही हसले होते.

मावशींनी पाय खाली घेतले. आरडाओरडा केला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

"चौदा वर्षं मी तुमच्याकडे जागा मागत होते," त्या म्हणाल्या. "एकसुद्धा सांगितली नाहीत. आणि हे मात्र घरी येऊन सांगितलंत."

"माफ करा, बाई," बाबा म्हणाले.

"माफीचं नंतर बघू. माझा मुलगा म्हणतो, त्या माणसाने तुला मुद्दाम बुडवलं. इतकी वर्षं मी त्याला गप्प बसवतेय. तुमच्यासाठी मी त्याच्याशी महिनोन्‌महिने अबोला धरलाय, दादा. आता तासाभरात तो येईल. त्याला मी काय सांगू, तेवढं तुम्हीच सांगा."

मुलगा येईपर्यंत बाबा खुर्चीतून हलले नाहीत. तो आल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून बाबांनीच सांगितलं. ते सांगत होते तोवर मावशी आमच्याकडे पाठ करून आमचे कप विसळत होत्या.