वेणुगोपाळरावांचा सोवळा पाय

आमच्या शेजारच्या वेणुगोपाळरावांसारखा सोवळा माणूस कुंभकोणममध्ये दुसरा नसेल, आणि त्यांच्या उजव्या पायाइतकी घाण गोष्टही नसेल. दोन्ही मी जवळून पाहिलंय. पायाचा तर वासही घेतलाय, म्हणून ऐकीव काही सांगत नाही.

त्यांचा धंदा श्राद्धाच्या स्वयंपाकाचा. आपली मराठी घरं या तमिळ मुलखात थोडीच उरलीत, पण पितर भरपूर, तेव्हा काम तुटत नाही. आंघोळ करायची, धोतर ओलंच पिळून नेसायचं आणि तसंच चुलीपुढं बसायचं. मग त्यांना कुणी शिवायचं नाही, बायकोनंसुद्धा नाही.

जवळच्या दारासुरमला एका घरी नारळ खवताना विळी पायावर आली. बायकोनं, गोदावहिनींनी, दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून आणली. पण कुणाकुणाच्या हातचा तो कापूस! दुसऱ्या सकाळी यांनी तो सोडून फेकला आणि जुन्या धोतराची ओली चिंधी गुंडाळली. रोज आंघोळ, रोज तीच ओली चिंधी. मधुमेह जुना, पायाला जाणीव कमी, त्यामुळे दुखत नव्हतं. खाली वाकून बघायचीही गरज वाटली नाही. टाउन बसमध्ये माणसं त्यांच्या शेजारून उठून उभी राहायची.

"अण्णा, तुमच्याकडं उंदीर मेलाय का हो?" मी ओटीवरून विचारायचो.

"तुझ्याच घरात बघ, कांदाखाऊ!"

मग एका दुपारी ते थडथड कापायला लागले. श्वास धाप्प धाप्प, आणि भिंतीला विचारतायत, "रसमात मीठ घातलं का गं?" गोदावहिनींनी हाक मारली. मी चिंधी सोडली. काय सांगू! खाली हिरवट पिवळा पू, दोन बोटं काळी, आणि असा दर्प की मी दोन दिवस ताक प्यायलो नाही.

इस्पितळात कीर्तना डॉक्टर भेटली, आपल्यातलीच मुलगी.

"सेप्सिस आहे. जंतू रक्तापर्यंत पोचलेत. आणि लॅक्टेट फार वाढलंय."

"ते काय असतं, बाई?" वहिनींनी विचारलं.

"जंतू दिसले की पांढऱ्या पेशी प्राणवायूवर सावकाश शक्ती तयार करत बसत नाहीत. भराभर साखर फोडतात आणि तिच्यावर लढतात. त्यातून लॅक्टेट निघतं. अंगाला रक्त नीट पोचत नसलं की ते आणखी साचतं."

"मग यांच्या रक्तात तर पायसमच आहे," मी म्हणालो. "पेशींची चंगळ!"

"उलट, काका. इतक्या साखरेत बुडलेल्या पेशी धड लढत नाहीत. आणि भडकल्या की आपलंच घर जाळतात."

दोन बोटं कापली. औषधांनी ताप उतरला, लॅक्टेट खाली आलं, आणि आमचे सोवळेबुवा शुद्धीवर आले. पहिलं वाक्य काय? "दारासुरमच्या दुसऱ्या घरचं श्राद्ध आलं. घरी चला." आणि पट्टी ओढायला लागले.

कीर्तना धावत आली. "आता जास्त जपायचं, अण्णा! लढून लढून पेशी दमल्यात. त्यांना शक्तीच तयार करता येत नाहीये. आत्ता किरकोळ जंतू शिरला तरी त्या बघत बसतील. मग जीव वाचवणं माझ्या हातात नाही."

"त्या दमल्या असतील. मी नाही दमलो. ही पट्टी ओवळी आहे."

वहिनी रडायला लागल्या. "यांना बांधून ठेवा हो, भावजी!"

तेवढ्यात पट्टी बदलायला सिस्टर आली. यांचा हात बाजूला करून तिनं कापूस उलगडला आणि औषध घालायला पाय चांगला वर, यांच्या नाकापुढंच धरला. अण्णांनी पहिल्यांदा तो पाहिला. उघडं मांस, कडेला राखाडी चिकटा, आणि तो वास. त्यांनी तोंडावर पंचा धरला.

"शी! हे माझं?"

"नाही, पितरांचं," मी म्हणालो.

हसले नाहीत. उशाशी ठेवलेल्या भांड्यात ओकले, मग तोंड पुसलं. पाय सिस्टरकडं सरकवला आणि तमिळमध्ये म्हणाले, "बांध, अम्मा. घट्ट बांध." आणि मराठीत बायकोला, "दारासुरमला निरोप दे, दुसरा माणूस बघा म्हणावं."