दोन हाका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं माझं मलाच हसू येत नाही.

मी पाटोद्याकडचा, घरी शेळ्या. आणि नोकरी कुठं? मालवाहू जहाजावर, भटारखान्यात कांदे चिरायची! आमच्या गावात समुद्र कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे सुट्टीवर आलो की माझा थाट काय विचारता! लोक जमायचे आणि मी पुड्या सोडायचो.

जहाजावरच्या एका कोकणी म्हाताऱ्या खलाशानं मला सांगितलं होतं, की समुद्रात बुडालेला माणूस घरच्यांना हाक मारतो, पण एका वेळी दोनदाच. लागोपाठ तिसऱ्यांदा हाक मारील तो जिवंत. म्हणून पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही.

आता एवढ्यावर थांबावं ना? पण समोर वीस माणसं, हातात चहा. मी ठोकून दिलं, "आताशा ते फोनवर बी येतंय. आवाज खरखरतो अन् नंबर भलताच दिसतो."

सगळे खदखदून हसले. आई तेवढी हसली नाही, पण माझं लक्ष कुठं होतं?

परत जहाजावर गेलो. खोल समुद्रात सगळ्यांना मिळून एकच उपग्रहाचा फोन. पंधरा दिवसांनी आपली पाळी यायची, आणि दोनदा लावून बोलणं झालं नाही तर पुढच्याला द्यायचा. मी लावला. "आई, मी बोलतोय." कट! पुन्हा लावला, पुन्हा कट. मला वाटलं रागावली; जाऊ नको म्हणत होती ना. दोन महिने दर पाळीला हेच. मग मीही अडून बसलो. तिला नाही बोलायचं, तर मला तरी कुठं बोलायचंय? पुढचे दोन महिने फोनच केला नाही. काय अक्कल म्हणायची ही!

घरी आलो तर आई ओट्यावर बसलेली, निम्मी झालेली. "आई," म्हटलं. नुसती बघत राहिली. पुन्हा म्हटलं, तरी ओ नाही. मला रडूच फुटलं. "आई, कावून बोलत न्हाईस?"

तेव्हा ती उठली. माझं तोंड, हात, सगळं चाचपून पाहिलं.

"दर टायमाला दोनच फोन! लगोलग तिसरा कावून केला न्हाईस रे?" ती म्हणाली. "मी रोज वाट बघायची. कुणाला सांगितलं बी न्हाई. सांगितलं अन् खरं झालं तर?"

पोरगा बुडाला हे दुःख ती चार महिने एकटीनं गिळत होती. त्याची लाज मला आजही वाटते.

समुद्रावर मला भूत कधी दिसलं नाही हो. आमच्या घरी मात्र एक भूत दर पंधरा दिवसांनी फोन करायचं, आणि मग तेही रुसून बसलं.